हात नंतर, सलाम आधी: मुंब्रा, भिवंडी, तळोज्यात नवीन आलेल्यांसाठी

ऐरोलीच्या ऑफिसात मुंब्र्याहून येणारी मी एकटीच, त्यामुळे कुणाची बदली भिवंडीला झाली, कुणाला तळोज्यात फ्लॅट परवडला, कुणाच्या बहिणीला कौसाच्या शाळेत नोकरी लागली की पहिला फोन मलाच येतो, आणि दोन मिनिटं इकडचं तिकडचं झालं की प्रश्न तोच, अगं तिकडे मुसलमान वस्तीत हात मिळवायचा की नाही, आणि बायकांशी काय करायचं? दरवेळी तेच तेच सांगून तोंड दुखलं म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

आम्ही कोकणी मुसलमान, मूळ म्हसळ्याकडचे. घरात मराठी, कोकणी आणि उर्दूची खिचडी. मी काही आलिमा, म्हणजे धर्माची विद्वान, वगैरे नाही, लहानपणी मदरशात शिकले ते, नानाने, म्हणजे आईच्या वडिलांनी, सांगितलं ते आणि नंतर स्वतः वाचून कळलं ते, एवढ्यावर लिहितेय. फतवा पाहिजे असेल तर मशिदीत जाऊन मौलानांना विचारा, ते चहा पण पाजतील.

पहिली गोष्ट, तोंड आधी

हात मिळवण्याला आमच्यात मुसाफहा म्हणतात, पण बोलताना हा शब्द फारसा कुणी काढत नाही, 'हाथ मिलाया' एवढंच. मुख्य गोष्ट आहे सलाम, हात त्याच्या मागून येतो. सलाम न करता नुसता हात पुढे करणं म्हणजे पान न मांडता भात वाढण्यासारखं आहे, भात चांगलाच असतो हो, पण कशावर वाढताय?

तर पूर्ण वाक्य 'अस्सलामु अलैकुम', म्हणजे तुमच्यावर शांती असो, आणि उत्तर 'व अलैकुम अस्सलाम'. मुंब्रा स्टेशनबाहेर तुम्हाला ऐकू येईल ते 'सलामालेकुम' आणि 'वालेकुम सलाम', रोजच्या घाईत घासून गुळगुळीत झालेलं. चालतं. फक्त मधला 'ल' गिळू नका, कारण 'साम' म्हणजे अरबीत मृत्यू, आणि पैगंबरांच्या काळात काही लोक मुद्दाम 'अस्सामु अलैकुम' म्हणायचे. एकदा त्यांच्या पत्नी हजरत आयेशांनी ते ऐकलं आणि त्या भडकल्या, तर पैगंबरांनी त्यांनाच शांत केलं की अल्लाहला प्रत्येक गोष्टीत नरमाई आवडते. त्यामुळे तुमचा उच्चार चुकला म्हणून कोणी अंगावर येणार नाही, तरी 'ल' म्हणायला काय जातं.

उत्तर कसं द्यायचं याबद्दल कुराणातच आहे, सूरह निसा, आयत ८६, की तुम्हाला कोणी सलाम केला तर त्याहून चांगलं उत्तर द्या, नाहीतर निदान तेवढंच परत करा. म्हणून आमचे म्हातारे लोक 'वालेकुम सलाम व रहमतुल्लाहि व बरकातुहू' अशी पूर्ण गाडी सोडतात. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदींत, याचा हिशोब पण आहे, नुसत्या सलामाला १० नेक्या, रहमत जोडली तर २०, बरकत जोडली तर ३०. माझा नाना तीसच्या खाली कधी आला नाही.

तुम्ही मुसलमान नाही आणि सलाम म्हणायला जीभ वळत नाही, तर 'नमस्कार' म्हणा, काही बिघडत नाही. समोरचा बरेचदा तोंडाने नमस्कार म्हणेल पण हात जोडणार नाही, तोंडाने उत्तर देऊन एक हात छातीशी नेईल किंवा कपाळाशी नेऊन आदाब करेल. त्यात आखडूपणा नाही, हात जोडणं काही जणांना पूजेच्या जवळचं वाटतं म्हणून ते टाळतात, तुमचा नमस्कार त्यांना पोचलेला असतो.

सलाम आधी कोणी करायचा याचं पण ठरलेलं आहे. वाहनावरचा पायी चालणाऱ्याला, चालणारा बसलेल्याला, थोडे लोक जास्त लोकांना, लहान मोठ्याला. म्हणजे तुम्ही बाईकवरून बिल्डिंगच्या गेटमध्ये शिरताय आणि वॉचमनचाचा खुर्चीत बसलेत तर सलाम तुमच्याकडून जायला हवा, तुम्ही भले मॅनेजर असाल. मला हा नियम फार आवडतो, पदाचा त्यात कुठे संबंधच येत नाही.

हात कसा द्यायचा

उजवा. यावर चर्चा नाही. डाव्या हातात पिशवी घ्या, मोबाईल घ्या, पोरगं घ्या, पण उजवा मोकळा ठेवा.

मग एक हात की दोन? इथे नवीन माणूस हमखास गोंधळतो, कारण मुंब्र्यात एकाच गल्लीत दोन्ही प्रकार दिसतात. हनफी मजहबचे, म्हणजे धार्मिक नियमांच्या चार सुन्नी परंपरांपैकी एकीचे लोक, आपल्याकडचे यूपी-बिहारकडून आलेले बहुतेक तेच, दोन्ही हातांनी मिळवतात, तुमचा हात त्यांच्या दोन तळव्यांच्या मध्ये. त्याला आधार म्हणून पैगंबरांचे साथी इब्ने मसऊद यांची हदीस सांगतात, की पैगंबरांनी मला तशह्हुद, म्हणजे नमाजमध्ये बसून म्हणायची दुआ, शिकवली तेव्हा माझा तळवा त्यांच्या दोन तळव्यांच्या मध्ये होता. अहले हदीसवाले, म्हणजे मजहब न धरता थेट हदीस मानणारे, म्हणतात ती शिकवण्याची गोष्ट झाली, भेटीचा मुसाफहा एकाच उजव्या हाताचा. हा वाद तुम्ही सोडवायचा नाहीये, पाचशे लोक तो आधीच सोडवतायत. तुमच्यासाठी नियम सोपा, समोरच्याने एक दिला तर एक द्या, दोन दिले तर आपला दुसरा हात पण वर ठेवा.

जोर किती लावायचा, तर कुणाची बोटं मोडायची नाहीत आणि मेलेल्या बोंबलासारखा लुळा हात पण द्यायचा नाही. तोंड समोरच्याकडे ठेवायचं आणि हसायचं, भावाकडे बघून हसणं हा पण सदका आहे असं हदीसमध्ये आहे, म्हणजे फुकटचं दान.

आणि आता खरी कला. हात सोडायचा कधी? एका रिवायतीत, म्हणजे हदीसच्या कथनात, येतं की पैगंबर स्वतःहून आपला हात आधी काढून घेत नसत, समोरचा काढेपर्यंत थांबत, आणि तोंड पण फिरवत नसत. आता गंमत अशी होते की दोघांनी ही गोष्ट वाचलेली असेल तर दोघंही सोडत नाहीत. माझा अब्बा आणि त्याचे एक जुने दोस्त राबोडीत रस्त्याच्या मधोमध असे हात धरून उभे राहायचे, मागे रिक्षावाला हॉर्न मारतोय, हे दोघं एकमेकांच्या पोरांची, गुडघ्यांची, गावच्या आंब्याची चौकशी करतायत, आणि आम्ही दोघी बहिणी मासळीची पिशवी घेऊन ताटकळत. तुम्ही एवढं करू नका पण झटकन ओढून पण घेऊ नका, ऑफिसात करतो तसं दोनदा हलवून सोडून दिलं की इथल्या म्हाताऱ्या माणसाला वाटतं हा पळायच्या घाईत आहे. बोलणं होईपर्यंत हात हातात राहिला तर राहू दे. पुरुष पुरुषाचा हात धरून चार मिनिटं बोलतो, याचं इथे कुणाला काही वाटत नाही.

हात सोडल्यावर बरेच जण तो छातीला लावतात. हा रिवाज आहे, तुम्ही पण लावा, गोड दिसतं. काही जण स्वतःचीच बोटं ओठांना लावतात, ते बघून तुम्ही करू नका, आमच्या मौलानांच्या मते त्याला काही आधार नाही, लोकांना सवय लागलीय एवढंच.

हात खराब असेल तर? हे मला फार बघण्यासारखं वाटतं. कौसाच्या गॅरेजमध्ये स्कूटी न्या, मेकॅनिक पोराचे हात ऑइलने काळे झालेले असतात, तो काय करतो, मूठ वळवून आतल्या बाजूला घेतो आणि मनगट पुढे करतो. तुम्ही ते मनगट धरायचं. रमजानमध्ये इफ्तारनंतर कबाबच्या गाडीवर पण हेच, बोटांना चटणी आहे तर मनगट, नाहीतर कोपर. पहिल्यांदा माझ्या टीममधल्या एकासमोर असं मनगट आलं तर तो बघतच राहिला, त्याला वाटलं घड्याळ दाखवतोय.

एक अजून. वाकायचं नाही. पैगंबरांना विचारलं होतं, दोस्त भेटला तर त्याच्यासमोर वाकावं का, म्हणाले नाही, मग हात मिळवावा का, म्हणाले हो. म्हणून आमच्यात पाया पडणं नाही. आमच्या ऑफिसातला एक साताऱ्याचा मुलगा, फार चांगल्या घरचा, पहिल्यांदा आमच्याकडे आला आणि सवयीने नानीच्या पायाशी वाकला, नानी सोफ्यावरून अशी दचकून सरकली की तिची जपमाळ खाली पडली, मग तिनेच त्याचे खांदे धरून त्याला उभं केलं आणि डोक्यावरून हात फिरवला. तो लाजेने लाल, नानी खूश. नंतर आठवडाभर ती विचारत होती, तो पोरगा परत कधी येणार. तर चूक झाली तरी जग बुडत नाही, पण आता माहीत झालंय तर खांद्यापर्यंतच राहा.

बाई आणि पुरुष

यावर जरा वेळ घालवते, सगळे फोन यासाठीच येतात.

नियम काय आहे ते आधी. परक्या बाईने परक्या पुरुषाशी हात मिळवू नये, हे चारही मजहबच्या बहुतेक आलिमांचं म्हणणं आहे. हजरत आयेशा सांगतात की बैअत घेताना, म्हणजे निष्ठेची शपथ घेताना, पैगंबरांच्या हाताने कधी कुठल्या परक्या बाईच्या हाताला स्पर्श केला नाही, बायकांची बैअत ते फक्त शब्दांनी घ्यायचे. उमैमा नावाच्या सहाबिया, म्हणजे पैगंबरांच्या काळातल्या त्यांच्या साथीदार, होत्या, त्या इतर बायकांबरोबर बैअत करायला गेल्या तेव्हा पैगंबर म्हणाले, मी बायकांशी हात मिळवत नाही. आता लक्षात घ्या की समोरची बाई खालची म्हणून हात नाही असं तिथे काही नाहीये, शपथ तर पूर्ण घेतली गेली.

परका म्हणजे कोण हे मराठी माणसाला नीट सांगावं लागतं. बाप, भाऊ, मुलगा, सख्खा चाचा, सख्खा मामू, भाचा, पुतण्या, सासरा, हे महरम, यांच्याशी हात मिळवा, गळ्यात पडा, काही करा. पण चुलत भाऊ, मामेभाऊ, दीर, बहिणीचा नवरा, हे परके. तुम्ही चुलत भावाला भाऊच मानता ना, आमच्यात त्याच्याशी लग्न होऊ शकतं म्हणून तो परक्यांच्या यादीत. त्यामुळे एखाद्या मुलीने ऑफिसात तुमच्याशी हात मिळवला नाही तर मनाला लावून घेऊ नका, ती तिच्या मामेभावाशी पण मिळवत नाही.

आता आम्हा कोकणी लोकांची एक वेगळीच भानगड आहे. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई मजहबचे, आणि शाफई मतानुसार बाईची आणि परक्या पुरुषाची त्वचा एकमेकांना लागली तर वुजू, म्हणजे नमाजआधी धुऊन केलेली शुद्धी, तुटते, दोघांची. नवरा-बायकोची पण, हे ऐकून लोक हसतात, पण खरंय. हनफींमध्ये असं नाही, नुसत्या स्पर्शाने त्यांची वुजू जात नाही. हजला गेलेले शाफई लोक तवाफच्या, म्हणजे काबाभोवती फेऱ्या मारण्याच्या, गर्दीत याच काळजीत असतात आणि बरेच जण तेवढ्यापुरतं हनफी मत धरतात, नाहीतर फेऱ्यांपेक्षा वुजूच जास्त होईल.

हे मी एवढं का सांगतेय, तर माझ्या रोजच्या दिवसात याचा हिशोब असतो. वुजू म्हणजे आधी तळहात, तोंड, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, मग पाय. घरी काही नाही, पण ऑफिसच्या वॉशरूममध्ये बेसिनमध्ये पाय वर घेऊन धुताना कोणी आत आलं की जे दृश्य असतं ते विचारू नका. एक पाय बेसिनमध्ये, एक हात भिंतीला, सलवार गुडघ्यापर्यंत, आणि समोर एचआरची मॅडम लिपस्टिक हातात धरून थिजलेली. तर दुपारी जोहरच्या नमाजला असा पराक्रम करून मी असरपर्यंत, म्हणजे त्यानंतरच्या नमाजपर्यंत, तीच वुजू टिकवायला बघते, आणि मध्येच कोणी क्लायंट आला आणि त्याने हात पुढे केला की मला त्याच्या हातात तो बेसिन दिसतो.

मी काय करते? उजवा हात छातीवर ठेवते, मान थोडी हलवते, हसते, आणि लगेच काहीतरी बोलते, 'नमस्कार, या ना, ट्राफिक लागला का?' ते लगेच बोलणं महत्त्वाचं, गप्प राहिलं की हवेतला हात मोठा होत जातो. हात छातीवर समोरच्याच्या हाताच्या आधी गेला तर नव्वद टक्के प्रश्न संपतो, दाराशीच छातीवर हात ठेवून उभी राहिले की माणूस आपोआप नमस्कार करतो.

पण एकदा उशीर झाला होता. नोकरी शोधत होते तेव्हा महापेला एका कंपनीत इंटरव्ह्यू, सगळं छान गेलं, शेवटी साहेबांनी टेबलावरून हात पुढे केला आणि मी छातीवर हात ठेवून 'थँक्यू सर' म्हणाले. त्यांचा हात तसाच राहिला, दोन सेकंद असतील, मग त्यांनी तोच हात खाली नेऊन पेन उचललं, जसं काही पेनच घ्यायचं होतं. नोकरी मिळाली नाही. त्या हातामुळेच असं मी म्हणणार नाही, माझा एक राउंड तसा कच्चाच गेला होता, पण ते पेन मात्र लक्षात राहिलं. आता मी अशा ठिकाणी आधीच सांगून टाकते, आत शिरतानाच, 'मी हात मिळवत नाही, राग मानू नका'. एका वाक्याचं काम.

आणि दुसरी बाजू पण लिहिते नाहीतर तुम्हाला वाटेल सगळ्या मुसलमान बायका माझ्यासारख्याच. माझी चुलत बहीण बँकेत आहे, ती सगळ्यांशी हात मिळवते आणि पाच वेळची नमाजही पढते, तिचं म्हणणं की नियत साफ आहे, समोरच्याचा अपमान करण्यापेक्षा हे बरं, आणि हल्लीचे काही आलिम पण गरज असेल आणि मनात वाकडं नसेल तर एवढं कडक धरत नाहीत. वयस्कर बायकांबद्दल तर जुन्या हनफी किताबांत पण सूट आहे. आमच्या दोघींची यावरून भांडणं झालीत, बिर्याणीवर संपली.

म्हणून तुमच्यासाठी स्टेप एकच, तुम्ही पुरुष असाल आणि समोर मुसलमान बाई असेल तर थांबा. हात तिला पुढे करू द्या. केला तर मिळवा, नाही केला तर नमस्कार. तुम्ही बाई असाल आणि समोर दाढीवाले चाचा असतील तर तेच उलटं, ते नजर खाली करून सलाम म्हणतील, त्यांच्याकडून तो आदर आहे, तुमच्याशी बोलायचं नाही असा त्याचा अर्थ घेऊ नका. बाई-बाईत काही प्रश्नच नाही, तुम्ही कुठल्याही धर्माच्या असा, हात मिळवा, मिठी मारा, आमच्या बिल्डिंगच्या बायका तर गालाला गाल लावतात.

एका मुलीने मला फार घाबरत विचारलं होतं, 'आमचा हात लागला तर तुम्हाला परत धुवायला लागतं का, आम्ही हिंदू म्हणून?' नाही गं बाई. माणसाच्या हाताने माणूस बाटत नाही. पैगंबरांचे साथी अबू हुरैरा एकदा रस्त्यात पैगंबरांना बघून गपचूप सटकले कारण त्यांची आंघोळ राहिली होती, त्या अवस्थेत जवळ कसं बसायचं म्हणून, तर पैगंबर म्हणाले, सुभानल्लाह, मोमीन, म्हणजे ईमानवाला, काही नापाक होत नाही. आणि बिगरमुस्लिमाच्या हाताबद्दल पण आलिमांचं तेच, हात हा हातच. वुजूचा तो शाफई हिशोब फक्त बाई-पुरुषाचा, धर्माचा त्यात काही नाही.

मशिदीत आणि गर्दीत

हे भावाला विचारून लिहितेय. जुम्मेच्या दिवशी कोणी तुम्हाला मशिदीत नेलं, किंवा तुम्ही नुकताच इस्लाम स्वीकारला असेल, तर खुतबा, म्हणजे नमाजआधीचं इमामाचं प्रवचन, सुरू असताना कोणाशी हात मिळवायला जाऊ नका, सलाम पण नको. खुतब्याच्या वेळी शेजाऱ्याला 'गप्प बस' म्हणणं सुद्धा चुकीचं धरलंय, मग हात तर लांबच. लोकांच्या खांद्यावरून ओलांडत पुढे जायचं नाही, जिथे जागा मिळेल तिथे बसायचं. नमाज पढणाऱ्याला, वुजू करणाऱ्याला, बाथरूममधल्याला सलाम करायचा नाही.

नमाज संपल्यावर काही मशिदींत शेजारचा वळून हात पुढे करतो, काहींत अजिबात नाही. जुने शाफई आलिम इमाम नववी यांनी फजर, म्हणजे पहाटेच्या, आणि असरच्या नमाजनंतरच्या मुसाफह्याबद्दल लिहिलंय की खास त्या वेळेला करण्याला मूळ आधार नाही पण हरकत पण नाही, तर काही आलिम म्हणतात ही नवीनच काढलेली पद्धत आहे, सोडा. तुम्हाला एवढंच कळलं पाहिजे की शेजारच्याने वळून बघितलं नाही तर तो रागावलेला नाही, तो नमाजनंतरचा जप बोटांवर ३३, ३३, ३४ मोजतोय, मध्ये हात घातलात तर बिचाऱ्याला पहिल्यापासून मोजायला लागेल.

हॉलमध्ये वीस माणसं बसलीत तर प्रत्येकाशी हात मिळवलाच पाहिजे असं नाही. दारात एक सलाम सगळ्यांना पुरतो, आणि त्यांच्यातल्या एकाने उत्तर दिलं तर सगळ्यांकडून पोचतं. मग जवळच्या दोघांशी, वयस्कर कोणी असतील त्यांच्याशी मिळवा आणि बसा. एका निकाहला आमच्या बिल्डिंगमधल्या एका नवीन भाडेकरूने अख्ख्या पंगतीशी हात मिळवले, लोक जेवत होते, दर माणसाने त्याला मनगट दिलं.

२०२० मध्ये कोरोना आला तेव्हा हे सगळंच बंद झालं. मौलाना पण सांगत होते की हात मिळवू नका, आणि त्यांनी सकीफ टोळीच्या वफदची, म्हणजे शिष्टमंडळाची, हदीस काढली, त्यांच्यात एक कुष्ठरोगी होता, पैगंबरांनी त्याला निरोप पाठवला की आम्ही तुझी बैअत घेतली, तू परत जा. त्या दोन वर्षांत पूर्ण ऑफिस छातीवर हात ठेवून नमस्कार करत होतं. माझे सगळ्यात सुखाचे दिवस.

हात कुठे कामाला येतो

मयतीच्या घरी जास्त बोलायचं नसतं. घरच्या पुरुषाचा हात धरा, 'वाईट झालं' म्हणा, 'अल्लाह सब्र दे' म्हणता आलं तर म्हणा, बाजूला बसा. मुसलमान असाल तर 'इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन' माहीतच असेल.

आनंदाच्या वेळचा मुसाफहा मात्र मला एका गोष्टीमुळे कायम आठवतो. काब बिन मालिक म्हणून सहाबी, म्हणजे पैगंबरांचे साथी, होते, हिजरी ९ मध्ये, म्हणजे इ. स. ६३० ला, तबूकच्या मोहिमेला ते आळसाने गेलेच नाहीत. खोटी सबब सांगितली नाही, खरं बोलले, आणि त्यांच्याशी पन्नास दिवस कोणी बोललं नाही, सलामाचं उत्तर पण नाही. मग माफीची आयत आली. ते मशिदीत आले, सगळे बसलेले, त्यातून एकटे तल्हा बिन उबैदुल्लाह उठले, पळत पुढे आले, हात मिळवला आणि मुबारकबाद दिली. काब म्हातारपणी सुद्धा सांगायचे, तल्हाची ही गोष्ट मी विसरणार नाही. तर कुणाला नोकरी लागली, कुणी हजवरून आलं, तर खुर्चीत बसून हात वर करू नका, उठा आणि चार पावलं चालत जा.

हजवरून आलेल्या माणसाकडे तर रांगच लागते, हात मिळवायचा, दुआ करायला सांगायची, मग एक खजूर आणि छोट्या कपात झमझमचं पाणी मिळतं. घेऊन प्या, नको म्हणू नका.

गळाभेट, मुआनका, ती खरं तर प्रवासातून आलेल्यासाठी. सहाबा रोज भेटले तर हात मिळवायचे आणि सफरवरून आले तर गळ्यात पडायचे, असं अनस या सहाबींकडून आलंय. म्हणून दुबईवरून मामू आला की घरात सगळे रांगेने. पण आपल्याकडे ईदच्या नमाजनंतर गळे मिळायची पद्धत पडलीय, तीनदा, काही मौलाना नको म्हणतात, लोक ऐकत नाहीत. कुठल्या खांद्यापासून सुरू करायचं याचं काही पक्कं नाही आणि तिथेच अपघात होतात. तो साताऱ्याचा मुलगा, हो, तोच, ईदला आला, माझ्या भावाने डावीकडे डोकं नेलं, त्यानेही त्याच बाजूला नेलं, दोघांचे चष्मे आपटले, भावाच्या चष्म्याची काडी तुटली आणि नव्या कुर्त्यात दिवसभर सेलोटेप लावलेला चष्मा. तर जरा थांबा, समोरचा कुठे वळतोय बघा, मग पुढे व्हा. बायका इकडे स्वयंपाकघराच्या दाराशी वेगळ्या भेटतात, तिथे तुमच्या बायकोला, आईला पाठवा, तुम्ही हॉलमध्येच बरे.

ईदला आमच्याकडे येण्याआधी फोन केला तर उत्तम. नाही केला तर बेल तीन वेळा वाजवा, मध्ये थोडं थांबून, आणि दार नाही उघडलं तर परत जा, कारण परवानगी तीनदा मागावी आणि नाही मिळाली तर फिरावं असंच सांगितलेलं आहे, आमच्यात यावरून कोणी रुसत नाही. पहिल्या दिवशी नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी या, त्याला बासी ईद म्हणतात, हात तेव्हाही तसाच मिळतो, शीरखुर्म्याची मात्र खात्री देत नाही, आमच्याकडे तो पहिल्या दिवशी दुपारीच संपतो.